मुलाची कार सीट : घेताना आणि बसवताना

ईदच्या आधी दुकानात येणारा जवळजवळ प्रत्येक बाप म्हणतो, "अंग वाढते आहे, एक नंबर मोठा द्या." कपड्याच्या बाबतीत आम्हीही हाच सल्ला देतो. आता रत्नागिरीत घरोघरी गाड्या आल्या आहेत आणि हाच हिशेब लोक मुलाच्या कार सीटलाही लावू लागले आहेत. तिथे तो सपशेल चुकतो. ढिला सदरा फार तर वाईट दिसतो. ढिली सीट वेळेवर काहीच कामाची नसते.

आपल्या बिरादरीत ही वस्तू नवी नाही. दुबईत राहणाऱ्या कुटुंबांना ती चांगली माहीत आहे. संयुक्त अरब अमिरातीत २०१७ पासून चार वर्षांपर्यंतच्या मुलाला अशी सीट सक्तीची आहे. नसल्यास ४०० दिरहम दंड आणि चार काळे गुण. पण हीच मंडळी मे महिन्यात मुंबई विमानतळावर उतरतात, भाड्याची गाडी करतात आणि कशेडी, परशुराम पार करीत रत्नागिरीपर्यंतचा सगळा रस्ता मूल आईच्या मांडीवर घेऊन येतात. कायदा आपल्याकडेही आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९४ ब हे कलम आले. चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याने किंवा मुलांच्या सीटने बांधलेले नसेल, तर हजार रुपये दंड. परंतु दंडाच्या भीतीने कोणी सीट घ्यावी असे आमचे म्हणणे नाही.

मांडीचा हिशेब व्यापाऱ्याच्या भाषेत मांडून पाहा. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी आदळली आणि अर्ध्या मीटरच्या आत थांबली, तर आतल्या वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे वीसपट जोर येतो. दहा किलोच्या मुलाचे त्या क्षणी दोन क्विंटल होतात. आमच्या गोदामातला सर्वांत तगडा हमालही तेवढे हातात धरून ठेवू शकत नाही, मग आईचे काय? एकाच पट्ट्यात आई आणि मूल दोघांना बांधणे तर त्याहून वाईट. आईचा सगळा भार मुलाच्या पोटावर येतो. मागच्या सीटवर धोका नाही हाही भ्रम आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांचे अपघाती निधन झाले. ते मागेच बसले होते आणि पट्टा लावलेला नव्हता.

आता खरेदी. मुलाचे वय दुकानदाराला सांगू नका, वजन आणि उंची सांगा. युरोपीय पद्धतीच्या जुन्या प्रमाणाप्रमाणे १३ किलोपर्यंतची सीट तोंड मागे करून बसवायची, ९ ते १८ किलोची तोंड पुढे करून आणि त्यापुढे उंची वाढविणारी बैठक, जिला बूस्टर म्हणतात. नवे प्रमाण उंचीवर चालते आणि किमान १५ महिने मूल उलट्या तोंडानेच बसले पाहिजे असे सांगते. कारण साधे आहे. तान्ह्या मुलाचे डोके अंगाच्या मानाने जड आणि मान कच्ची. सीटची पाठ मागून आधार देते, तेव्हा जोर पाठीवर पसरतो. पाय दुमडतात म्हणून घाईने तोंड पुढे फिरवू नये. डोके सीटच्या वरच्या कडेला पोचले किंवा वजनाची मर्यादा भरली, की मगच. सीटवर गोलात मोठे ई अक्षर आणि शेजारी आकडा किंवा आपला एआयएस ०७२ हा उल्लेख आहे का ते पाहावे. नुसते फोम आणि रंगीत कापड असेल तर पैसे देऊ नयेत.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. पुढच्या सीटला एअरबॅग असेल, तर उलट्या तोंडाची सीट तिथे कदापि बसवू नये. फुटणारी पिशवी थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे मुलाच्या डोक्यामागे आदळते.

बसविण्यातच बहुतेकांची फसगत होते, आमचीही झाली आहे. लेक नातवाला घेऊन आली तेव्हा गाडीची सीट खराब होऊ नये आणि पोराला बाहेरचे दिसावे म्हणून आम्ही खाली जाड गोधडी घातली, वर त्याची सीट ठेवली, पट्टा लावला आणि खूश झालो. हातखंब्याजवळ बैल आडवा आला. ब्रेक लागताच सीट कलंडली आणि नातवाचा ओठ फुटला. अल्लाहच्या मेहरबानीने तेवढ्यावर निभावले. लेकीने उतरून सीट हाताने हलविली, तर ती वीतभर सरकली! म्हणून नियम असा : सीटखाली किंवा पाठीमागे गोधडी, उशी, जाड कव्हर काही नको. गुडघा सीटमध्ये रोवून भार द्यावा आणि पट्टा खेचून ढील काढावी. मग पट्टा जातो तिथेच सीट धरून हलवावी. इंचापेक्षा जास्त सरकली तर पुन्हा बांधावी. पट्ट्याचा मार्ग सीटवर रंगाने दाखविलेला असतो, उलट्या तोंडासाठी निळा, सुलट्यासाठी लाल. नव्या गाड्यांत आयसोफिक्सचे दोन लोखंडी आकडे गादीच्या फटीत असतात. सीट त्या जातीची असेल तर काम सोपे.

मुलाच्या अंगावरचे पट्टे उलट्या तोंडात खांद्याच्या बरोबरीने किंवा किंचित खालून निघावेत, सुलट्यात बरोबरीने किंवा किंचित वरून. खांद्यावरचा पट्टा चिमटीत पकडता आला तर तो ढिला आहे. स्वेटर, शाल पट्ट्याच्या आत नको. पट्टा लावून वरून पांघरावी. बूस्टरवर बसणाऱ्याचा खालचा पट्टा मांडीच्या वरच्या हाडावर हवा, पोटावर नव्हे. वरचा खांद्याच्या मध्यावर, मानेला घासणारा नको.

पट्टा हा तर आमच्याच धंद्यातला माल. जुन्या खाटेची नवार आणि गाडीच्या बेल्टची पट्टी यांची जात एकच, फरक सुताचा. ही पट्टी पॉलिएस्टरची, पावणेपाच सेंटिमीटरच्या आसपास रुंद. रुंदी कामाची असते, कारण जोर छातीवर पसरतो. पीळ पडला की तिची दोरी होते आणि दोरी कापते. म्हणून पीळ आधी काढावा. दूध सांडले तर ओल्या फडक्याने पुसावे, ब्लीच किंवा कडक सोडा लावू नये. तुटका पट्टा मोच्याकडून किंवा शिंप्याकडून शिवून घेणारे आम्ही पाहिले आहेत. तो टाका बाजाराच्या पिशवीपुरता ठीक.

नातलगाने वापरून दिलेली सीट घेण्यात कमीपणा नाही. मात्र ती अपघातात सापडलेली नसावी, प्लॅस्टिकला तडा नसावा, आणि कंपनीने छापलेली मुदत संपलेली नसावी. कोणाची होती हेच माहीत नसेल, तर फुकट मिळाली तरी नको.

"अल्लाह मालिक आहे" म्हणून सोडून देणारेही भेटतात. आधी उंट बांध आणि मग तवक्कुल कर, ही हदीस त्यांनाही पाठ असते.

राहता राहिली भाड्याची गाडी. तिच्या मागच्या बेल्टची बक्कले बहुधा सीट कव्हरखाली गाडलेली असतात. गाडी ठरवतानाच ती बाहेर काढून ठेवायला सांगावे. रात्री दोन वाजता विमानतळाच्या गर्दीत, सामान डिकीत गेल्यावर, ते काम कोणी करीत नाही.