वीज पडली आणि दगड फुटला!

मार्कंड्याची जत्रा ठाऊक आहे ना? महाशिवरात्रीला भरते ती, गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेच्या काठी. नदीच्या पलीकडे चंद्रपूर जिल्हा. 1982 पर्यंत हे दोन्ही काठ एकाच चंद्रपूर जिल्ह्यात होते बरं का! एरवी दक्षिणेकडे धावणारी वैनगंगा इथे वळण घेऊन थोडा वेळ चक्क उत्तरेकडे वाहते. काशीलाही गंगा अशीच उत्तरेकडे वाहते, म्हणून भाविकांना या जागेचं फार अप्रूप.

इथलं देऊळ हजारेक वर्षांपूर्वीचं. भिंतींवर इतक्या मूर्ती की बघता बघता मान दुखेल! पण मला सांगायचंय ते वेगळंच. फार पूर्वी या देवळावर वीज पडली, शिखराचा वरचा भाग तुटला आणि पुढच्या मंडपाच्या छतावर कोसळला. पुढे चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, एका गोंड राजाने डागडुजी केली. अलेक्झांडर कनिंगहॅम हे पुरातत्त्व अधिकारी 1873-74 च्या सुमारास इथे आले, तेव्हा विजेची ही हकिगत जुनी झाली होती.

आता विचार करा. वीज म्हणजे नुसता लखलखाट. तिला ना वजन, ना हातोडा. मग तिनं दगड कसा फोडला?

गुन्हेगार आहे पाणी! दगड भरीव दिसतो, पण वालुकाश्मासारख्या दगडात डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं असतात. पावसाचं पाणी त्यांत मुरतं. सांध्यांमध्येही ओल साठते. वीज उंच टोक गाठते, आणि मैलभर सपाट रानात देवळाच्या शिखराहून उंच काय असणार? दगडातून वीज सहजी वाहत नाही. ती ओलीच्या वाटेनं घुसते आणि जाता जाता सगळं तापवते. विजेच्या झोतातली हवा तर सुमारे 30 हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापते, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट! आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते. पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे 1,700 पट जागा लागते. दगडात एवढी जागा कुठली? मग धडाम! कढईत मक्याचा दाणा फुटतो ना, अगदी तसंच. लाही फुटण्यामागेही दाण्यातल्या पाण्याची वाफच असते.

यावर उपाय निघाला 1752 च्या सुमारास. अमेरिकेतल्या बेंजामिन फ्रँकलिननं सुचवलं, की इमारतीच्या टोकावर धातूची सळई लावा आणि तारेनं ती जमिनीला जोडा. धातूतून वीज सहज वाहते, त्यामुळे ती दगड-विटांच्या वाटेला न जाता सरळ मातीत उतरते. मार्कंड्याच्या कारागिरांना हे कसं ठाऊक असणार? फ्रँकलिन जन्मायला अजून काही शतकं होती!

इमारतीला सळई लावता येते, पण शेतातल्या माणसाचं काय? आपल्याकडे रोवणीच्या दिवसांत धानाच्या बांधीत माणसं ओणवी असतात, आणि त्या मोकळ्या सपाट रानात उभं राहिलेलं माणूसच सगळ्यांत उंच ठरतं. म्हणून पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं 'दामिनी' नावाचं अ‍ॅप बनवलंय. जवळपास वीज पडायचा धोका असला की ते सांगतं. मोबाइल नसेल तर? लख्ख झालं की आकडे मोजायला लागा. आवाज एका किलोमीटरला साधारण तीन सेकंद घेतो. तीस मोजायच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आतच आहे. मग झाडाखाली थांबायचं नाही, बांधीतून निघून पक्क्या घरात पळायचं!