फिल्टरचा डबा बदलताना
जुन्या गाड्यांची निगा : लेखांक ९

मागच्या आठवड्यात एमजीबीचे जुळे एसयू कार्ब्युरेटर एकमेकांशी कसे जुळवायचे ते पाहिलं. आज त्यांच्या तोंडावर बसवलेल्या पत्र्याच्या दोन गोल डब्यांबद्दल. जुनी स्पोर्ट्स कार हातात आली की बरेच मालक पहिल्यांदा हेच डबे काढून टाकतात. गंजलेले, पोचे आलेले असतात, बॉनेट उघडल्यावर डोळ्यात भरतात. त्यांच्या जागी चकचकीत कडांचे चपटे, मोकळे फिल्टर बसतात आणि गाडीचा आवाज लगेच दमदार होतो. मग थोड्याच दिवसांत तक्रार येते, मधल्या आरपीएमला गाडी अडखळते, पिकअप गेला.

एमजीबी ही इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात बनलेली गाडी. तिचं १७९८ सीसीचं इंजिन बी-सिरीज घराण्यातलं. आपल्याकडच्या अँबॅसडरमध्ये वर्षानुवर्षं चाललेलं १४८९ सीसीचं इंजिनही त्याच घराण्यातलं, त्यामुळे जुन्या मेकॅनिक मंडळींना एमजीबीचं बॉनेट उघडल्यावर परकं वाटत नाही. हे इंजिन ५००० आरपीएमला फिरताना हिशेबाने मिनिटाला सुमारे ४५०० लिटर हवा मागतं. सिलिंडर पूर्ण भरत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात ती काहीशी कमी जाते. तरीही एवढी हवा जिथून आत शिरते, त्या जागेचा आकार कार्ब्युरेटरच्या दृष्टीने गौण असणं शक्यच नाही. माझं सगळं सांगणं याच एका मुद्द्याभोवती आहे: हा डबा कार्ब्युरेटरचाच भाग आहे.

कसा, ते पाहू. फ्लोट चेंबरमधल्या पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा दाब असतो. डब्याच्या नळीतून आणि कागदी फिल्टरमधून येताना हवेला थोडा अडथळा होतो, म्हणून कार्ब्युरेटरच्या तोंडाशी दाब बाहेरच्यापेक्षा जरासा कमी भरतो. या फरकामुळे जेटमधून थोडं जादा पेट्रोल ओढलं जातं. जेटमधल्या सुईचा निमुळता उतार कारखान्यात ठरवला गेला तो ही जादा ओढ धरूनच. डबा काढून मोकळा फिल्टर लावला की अडथळा घटतो, ओढ घटते आणि मिश्रण लीन होतं. फिल्टर धुळीने बुजला की नेमकं उलट होतं. गाडी रिच चालते, प्लग काळे पडतात, आणि आपण मात्र जेटचा नट फिरवत बसतो.

दुसरी गोष्ट उष्णतेची. बी-सिरीज इंजिनात इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही मॅनिफोल्ड एकाच बाजूला आहेत. म्हणजे कार्ब्युरेटर एक्झॉस्टच्या शेजारीच, मध्ये फक्त एक पत्र्याचा आडोसा. हवेचं तापमान साधारण ३ अंश सेल्सियसने वाढलं की तिची घनता टक्काभर कमी होते. सिग्नलला उभ्या गाडीच्या बॉनेटखाली हवा किती तापते, हे उन्हाळ्यात गाडी चालवणाऱ्याला सांगायला नको. डब्याची नळी हवा कुठून घ्यायची याला थोडी तरी दिशा देते. मोकळा फिल्टर चारी बाजूंनी घेतो, त्यात एक्झॉस्टकडची बाजूही आली.

तिसरी गोष्ट डब्याच्या मागच्या पत्र्यावर आहे. जिथे तो पत्रा कार्ब्युरेटरला टेकतो, तिथे भोकाची कड गोलाई देऊन वळवलेली असते. धारदार कडेवरून वळताना हवेचा झोत आक्रसतो आणि ३८ मिलिमीटरचं तोंड पुरतं वापरलंच जात नाही. वळवलेल्या कडेवरून ती सरळ आत जाते. नवा डबा किंवा मोकळा फिल्टर घेताना मागचा पत्रा उलटून बोटाने ही कड चाचपा. गोलाई नसेल तर आत बसवायची छोटी कर्ण्यासारखी कडी वेगळी मिळते, ती घ्या.

आता प्रत्यक्ष काम. जुने डबे सोडण्याआधी फोटो काढा, नळ्यांची दिशा टिपून ठेवा, पुढचा आणि मागचा डबा यांवर खूण करा. सुरुवातीच्या इंजिनांत रॉकर कव्हरची वाफ पुढच्या डब्यात सोडलेली असते. तुमच्या गाडीत तशी नळी असेल तर नव्या डब्याला तिची जोडणी हवीच. ती नळी लोंबकळत ठेवली तर इंजिनखोलीभर तेलाचा राप बसतो, आणि तोंड बंद केलं तर तेल सीलमधून वाट काढतं.

सगळ्यात जास्त जपायचं ते डबा आणि कार्ब्युरेटर यांच्यामधल्या पॅकिंगला. साठच्या दशकातल्या एमजीबीवर एसयूचे एचएस-४ कार्ब्युरेटर आहेत. त्यांच्या तोंडावरच्या सपाट भागात बोल्टच्या दोन भोकांखेरीज वरच्या अंगाला बारीक भोकं दिसतील. ती आतल्या पिस्टनच्या खालच्या पोकळीत जातात. पिस्टन वर उचलला जातो तो वरची पोकळी आणि ही खालची पोकळी यांच्यातल्या दाबाच्या फरकावर. पॅकिंगला या भोकांसाठी खाचा असतात, पण पॅकिंग उलटंही सहज बसतं, बोल्ट छान घुसतात, काहीच खटकत नाही. मग भोकं झाकली जातात, पिस्टन पुरता उचलत नाही आणि गाडी दम टाकते. कार्ब्युरेटर उघडून काहीच सापडत नाही, कारण दोष कागदाच्या एका तुकड्यात असतो. पॅकिंग लावल्यावर टॉर्च मारून भोकं उघडी दिसतात ना, एवढं बघायला दहा सेकंद पुरतात. काही नव्या बनावटीच्या फिल्टरांच्या मागच्या पत्र्यालाच ही भोकं नसतात, तेही इथेच कळतं.

बोल्ट इंची आट्यांचे आहेत. हाताशी मेट्रिक बोल्ट आहे म्हणून पान्याने रेटू नका. कार्ब्युरेटर ॲल्युमिनियमचा आहे, एकदा आटे गेले की डब्यापेक्षा महाग काम निघतं. आधी हातानेच तीन-चार फेरे बसवा.

मूळ डबे गंजले असतील तरी मी ते वाचवण्याच्या बाजूने आहे. फक्त सँडब्लास्टिंग करू नका. पत्र्याच्या दुमडीत आणि स्पॉट वेल्डिंगच्या फटींत रेतीचे कण अडकतात, कितीही हवा मारली तरी काही राहतात, आणि हा डबा थेट सिलिंडरच्या वाटेवर आहे. सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून गंज सोडवा, स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवा, मग रंग द्या. फिल्टरच्या आतल्या, म्हणजे स्वच्छ बाजूला रंगाचे पोपडे सुटणार नाहीत इतपत पातळ हात पुरे.

नवाच डबा घ्यायचा असेल तर झाकण लावण्याआधी कागदी फिल्टरच्या रबरी कडेवर ग्रीसचं बोट फिरवा, झाकण घट्ट करून परत उघडा. ग्रीसचा ठसा पत्र्यावर पूर्ण गोल उमटला पाहिजे. जिथे ठसा तुटतो तिथून धूळ फिल्टरला वळसा घालून आत जाणार. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्‌झचे कण असतात, आणि ते पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर झिजवतात.

डबे बसले, इंजिन तापलं, की कार्ब्युरेटरच्या अंगाखालची छोटी पिन बोटाने अगदी किंचित, मिलिमीटरहून कमी, वर दाबा. ती पिस्टनला उचलते. एचएस-४ ला ही सोय मुद्दाम दिलेली आहे. इंजिनचा वेग क्षणभर वाढून पुन्हा स्थिरावला तर मिश्रण बरोबर. वाढून वाढलेलाच राहिला तर रिच. इंजिन गचके खाऊन बंद पडू लागलं तर लीन. दोन्ही कार्ब्युरेटरांवर वेगवेगळं करून पाहा. मूळ घडणीचे डबे बसवले असतील तर बहुधा जेटचा नट थोडासा फिरवून भागतं. मोकळे फिल्टर लावले असतील तर आयडलला सगळं जमूनही रस्त्यावर मधल्या आरपीएमला ओढ कमीच राहू शकते, कारण नट फिरवून सुईचा उतार बदलत नाही. तिथे सुईच बदलावी लागते. सुयांवरचे नंबर आणि त्यांची निवड, हे पुढच्या लेखांकात.