तिखटाच्या मुलखात शिराझ

रेड वाइनचं मिरचीशी जमत नाही, आणि नंदुरबार तर मिरचीचं मोठं मार्केट. हंगामात पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली असते, तिच्या खकाण्यानं रस्त्यानं जाणाऱ्यालाही ठसका लागतो. अशा जिल्ह्यात, नवापूरसारख्या गावी शिराझची बाटली उघडायची तर ताटात काय असावं? प्रश्न दिसतो तेवढा फाजील नाही. द्राक्षं काही परदेशातली नाहीत, नाशिकची आहेत.

शिराझ हे काळ्या द्राक्षाचं वाण. ते इराणातल्या शिराझ शहरातून आलं, ही कथा वर्षानुवर्षं सांगितली जायची. १९९०च्या दशकाच्या अखेरीस डीएनए तपासणी झाली आणि कथा निकालात निघाली. दुरेझा आणि मोंदूज ब्लांश हे आईबाप दोघंही फ्रान्सच्या आग्नेय भागातले. तिकडे याच वाणाला सिरा म्हणतात. शिराझ हे नाव रुजलं ते ऑस्ट्रेलियात. आपल्याकडे सुला या वाइन कंपनीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली, पुढच्याच वर्षी राज्यानं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं आणि नाशिक-दिंडोरी पट्ट्यात वाइनची द्राक्षं वाढली. वेळापत्रक मात्र देशी: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी आणि जानेवारी ते मार्च तोडणी. फ्रान्समध्ये हीच तोडणी सप्टेंबरात असते.

रेड वाइनचा रस सालीसकट आंबवतात. रंग सालीतून येतो आणि जिभेला आवळणारा तुरटपणाही, तोच टॅनिन. शिराझमध्ये जांभळासारखी काळपट गोडी असते आणि मागून काळी मिरी येते. मिरीचा वास हे वाइनवाल्यांचं थोतांड नव्हे. रोटुंडोन नावाचं जे द्रव्य मिरीत असतं तेच या द्राक्षाच्या सालीत सापडतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली ते दाखवून दिलं.

मिरीशी नातं, मग मिरचीशी वाकडं का? मिरचीनं पोळलेल्या तोंडाला अल्कोहोल आणखी झोंबतं, टॅनिन कडवट लागतं आणि फळाची चव हरवते. त्यामुळे तर्रीदार शेवभाजी किंवा काळ्या मसाल्याचं झणझणीत मटण असेल तर शिराझ उघडूच नका. त्यांच्यासोबत ताक बरं.

भरिताशी मात्र तिची गट्टी जमते. तुरीच्या किंवा कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं वांगं, साल काढली तरी गराला राहिलेला धूर, ठेचलेला लसूण, कांद्याची पात, तेलात परतलेले शेंगदाणे. हिरवी मिरची तेवढी हात राखून घाला. धुराला मिरीचा वास शोभतो आणि शेंगदाण्या-तेलाच्या तुपकट चवीवर तुरटपणा सैलावतो. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी. निखाऱ्यावर मीठ-हळद लावून भाजलेली गावठी कोंबडीही चालेल, कारण मांसातली प्रथिनं आणि चरबी टॅनिनला आवरतात. भौगोलिक मानांकन मिळालेल्या नवापूरच्या तूरडाळीचं वरण मात्र तुपाची धार सोडून नुसतंच खावं. इतक्या मऊ चवीवर शिराझ चढून बसते.

रेड वाइन ‘रूम टेम्परेचर’ला प्यावी असं सांगतात, ती रूम युरोपातली, आपली नव्हे. शिराझला १६ ते १८ अंश पुरे, आणि इथे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवून मगच उघडा. उरलेली बूच लावून परत फ्रिजमध्ये. तीन-चार दिवसांत संपवा.

आता कायद्याचं. नवापूर रेल्वे स्टेशनचा एक भाग महाराष्ट्रात आहे, दुसरा गुजरातेत. फलाटावरच्या एका बाकाच्या मधूनच हद्द जाते. १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा मुळात दोन्हीकडचा. पण आपल्याकडे परवान्यावर मिळतं-चालतं, गुजरातेत बंदी कायम. सुरतेची गाडी पकडणार असाल तर बाटली घरीच ठेवा.