वाळूचे कण आणि एक लहानसें तैलचित्र

गिरगांव चौपाटीवर संध्याकाळीं वारा सुटला म्हणजे हातांतल्या भेळेवरहि वाळू येऊन बसते. अशा ठिकाणीं कोणी चित्रकार ओले तैलरंग घेऊन बसला, तर त्याच्या चित्राची काय अवस्था होईल हें सांगावयास नको. परंतु हीच अवस्था एका चित्राच्या कामीं कशी आली, ती हकीकत मोठी बोधप्रद आहे.

लंडनच्या नॅशनल गॅलरींत क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचें ‘त्रूव्हीलचा समुद्रकिनारा’ हें १८७० सालचें तैलचित्र आहे. रुंदी सुमारें दीड फूट, उंची सव्वा फूट. वाळूवर दोन स्त्रिया खुर्च्यांवर बसल्या आहेत. डावीकडची, शुभ्र पोषाखांतली, ती मोनेची पत्नी कामीय. उजवीकडची, काळ्या वेषांतली, ती चित्रकार बूदाँ याची पत्नी असावी असा जाणत्यांचा तर्क आहे. दोघींच्या मध्यें एक रिकामी खुर्ची आहे.

चित्र इतकें लहान कां? त्या काळीं थोर चित्र म्हणजे चित्रशाळेंत महिनेच्या महिने खपून रंगविलेला भव्य कॅनव्हास, अशी समजूत होती. तैलरंग बाहेर नेणेंहि पूर्वीं सोपें नव्हतें. ते जनावराच्या मूत्राशयाच्या पिशवींत बांधून ठेवीत. १८४१ सालीं जॉन रँड या अमेरिकन चित्रकारानें कथलाच्या नळीचें पेटंट घेतलें आणि रंगांची पेटी घेऊन कोठेंहि जाणें शक्य झालें. तथापि किनाऱ्यावर मोठा कॅनव्हास शिडासारखा फुगतो, आणि प्रकाश तर घटकेघटकेला पालटतो. म्हणून थोड्या वेळांत आटोपेल एवढाच आकार घ्यावा लागे. ही दृष्टि मोनेला बूदाँनें दिली. खलाशाचा हा मुलगा आपल्या रेखाटनांवर तारीख, वेळ आणि वारा यांची नोंद करून ठेवी.

मोनेच्या या चित्रावर अशी नोंद किनाऱ्यानेंच करून ठेवली आहे. रंगाच्या थरांत वाळूचे कण रुतलेले आढळले आहेत. तैलरंगांतलें जवसाचें तेल पाण्यासारखें उडून जात नाहीं; हवेंतला प्राणवायु घेऊन तें सावकाश घट्ट होतें, आणि त्यास कित्येक दिवस लागतात. ओल्या रंगावर पडलेले कण त्याच्याबरोबरच घट्ट होऊन बसले. चित्र घरीं बसून नव्हे, तर किनाऱ्यावर रंगविलें, याचा हा पुरावा होय.

त्या दिवसांचें मोल पुढें कळून आलें. २८ जून १८७० रोजीं मोने आणि कामीय यांचें लग्न झालें; १९ जुलैस फ्रान्स आणि प्रशिया यांच्यांत युद्ध जाहीर झालें; शरदॠतूंत मोने इंग्लंडला निघून गेला. त्या उन्हाळ्यांतलें वारें आणि ऊन या सव्वा फुटांत राहिलें आहे.

एखाद्या अतिदक्ष माणसानें ते कण मळ समजून खरवडून काढले असते तर? पुरावाहि गेला असता आणि त्याबरोबर रंगहि. गिरगांव-दादरच्या जुन्या घरांतून आजहि पूर्वजांचीं तैलचित्रें भिंतीवर असतात. पावसाळ्यांत त्यांवर बुरशीचे डाग दिसूं लागले कीं ओलें फडकें किंवा साबण घेऊन तीं उजळण्याचा मोह होतो. परंतु रंगाच्या बारीक भेगांतून पाणी आंत शिरतें, कापड फुगतें, आणि खालचा थर सुटून रंगाचे पोपडे निघतात. त्यापेक्षां चित्र ओलसर भिंतीवरून काढून कोरड्या, हवेशीर जागीं ठेवावें, आणि जाणत्या जतनकाराला दाखवावें. मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत या शास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. वरचा थर म्हणजे नुसती धूळ कीं चित्राचीच कांहीं हकीकत, हें त्यानें पाहून सांगेपर्यंत फडकें हातीं न घेणेंच बरें.