कॅमिला : नावाचा अर्थ आणि भोवतीचे गैरसमज

कॅमिला हे मुलीचे नाव लॅटिन भाषेतून आले. व्हर्जिल या रोमन कवीच्या ‘ईनीड’ महाकाव्यातील एका लढवय्या राजकन्येमुळे ते जगाला ठाऊक झाले. मुलींच्या नावांच्या याद्यांमध्ये मात्र त्याच्यासमोर ‘रोमन देवी’, ‘योद्धी’, ‘परिपूर्ण’ किंवा ‘एक फूल’ असे अर्थ बिनदिक्कत छापलेले असतात. यांतला एकही बरोबर नाही.

कॅमिला देवी नव्हती, आणि खरे तर रोमनही नव्हती. ती व्होल्स्की जमातीची. इटलीच्या लाटियम प्रदेशातली ही जमात पुढे दीर्घकाळ रोमची कडवी शत्रू होती. ‘ईनीड’मध्ये ती लढते तीसुद्धा रोमनांचा आद्यपुरुष मानलेल्या ईनियसच्या विरुद्ध, त्याचा प्रतिस्पर्धी टर्नस याच्या बाजूने. तिची कथा रोममध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात होती, असेही म्हणता येत नाही. व्हर्जिलच्या आधी तिचा कुठे मागमूस लागत नाही. हे काव्य पुरते हातावेगळे होण्याआधीच, इ. स. पूर्व १९ मध्ये व्हर्जिल वारला. तेव्हा कॅमिलाला पुराणातली म्हणण्यापेक्षा एका कवीने घडवलेली म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते.

व्हर्जिलने ती घडवली आहे मोठ्या हौसेने. तिचा बाप मेटाबस हा प्रिव्हर्नमचा (आजचे प्रिव्हेर्नो) जुलमी राजा. प्रजेने हाकलून लावल्यावर तो तान्ह्या मुलीला घेऊन पळतो, तर वाटेत पुराने दुथडी भरलेली अमासेनस नदी आडवी येते. पाठीवर शत्रू असताना तो बाळाला बुचाच्या सालीत गुंडाळून आपल्या जड भाल्याला बांधतो, ‘ही तुझी दासी’ असे डायना देवीला सांगून भाला पैलतीरी भिरकावतो आणि मागोमाग पोहून जातो. पुढे रानात घोडीच्या दुधावर ती वाढते. अंगावर सोन्याच्या दागिन्यांऐवजी वाघाचे कातडे, आणि चालू लागताच हातात छोटा भाला. काव्याच्या अकराव्या सर्गात ती मरते. क्लोरियस नावाच्या शत्रुपक्षीय योद्ध्याच्या जरतारी वेषावर तिची नजर खिळते. त्याच्या पाठलागात तिला भान उरत नाही आणि अरुन्स नावाच्या योद्ध्याने दडून फेकलेला भाला तिच्या वर्मी लागतो.

एवढी लढवय्या म्हणून नावाचा अर्थ ‘योद्धी’ झाला असावा, पण हा उलटा न्याय झाला. लॅटिनमध्ये ‘कमिल्लुस’ म्हणजे धर्मविधीत पुरोहिताच्या हाताखाली काम करणारा मुलगा आणि ‘कमिल्ला’ म्हणजे तशीच मुलगी. हे मूल कुलीन घरातले आणि आईवडील दोन्ही हयात असलेले लागे. हाती पूजेचे साहित्य घेतलेले असे कमिल्लुस रोमन शिल्पांत दिसतात. हा शब्द एत्रुस्कन भाषेतून आला असावा असा एक जुना तर्क आहे, पण त्यावर एकमत नाही. काव्यात व्हर्जिल वेगळीच व्युत्पत्ती देतो : आईचे नाव कास्मिला, त्यात थोडा बदल करून बापाने मुलीला कॅमिला म्हटले. डायनाला वाहिलेल्या मुलीला ‘देवकार्यातली मदतनीस’ हे नाव चपखल बसते, हे कवीला ठाऊक नसेल असे वाटत नाही.

कमेलिया या फुलाशी असलेले नाते तर निव्वळ उच्चारापुरते. फिलिपिन्समध्ये राहून तिथल्या वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या गेओर्ग योझेफ कामेल या जेझुइट मिशनऱ्याच्या स्मरणार्थ वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने हे प्रजातिनाम दिले. आपल्या रोजच्या चहाचे झुडूपही याच प्रजातीतले, म्हणजे चहाचा कामेलशी जितका संबंध आहे तितकाही कॅमिलाशी नाही. उच्चाराने जवळच्या वाटणाऱ्या कॅमोमाइल या औषधी फुलाचे नावही वेगळे, ते ग्रीक आहे, त्याचा अर्थ ‘जमिनीवरचे सफरचंद’.

‘परिपूर्ण’ हा अर्थ अरबी ‘कामिल’ या शब्दाचा. त्यावरून पडलेले कामिला हे नाव मुस्लिम समाजात आढळते, आणि ते स्वतंत्र आहे. पोलंडमधली कामिला मात्र लॅटिन कमिल्लाच. आपली संस्कृत कमला या दोघींहून वेगळी. तिचे मूळ कमळात.

ब्रिटनच्या राणीमुळे हे नाव आता घरोघरी पोहोचले असले, तरी इंग्लंडमध्ये ते तिच्यामुळे आले असे नाही. फॅनी बर्नीची ‘कॅमिला’ ही कादंबरी १७९६ सालची. फ्रान्समध्ये ‘कामीय’ हे रूप मुलगा आणि मुलगी दोघांनाही चालते. १७ नोव्हेंबर १८६८ रोजी नॉर्मन पॉग्सन यांनी मद्रासमधून शोधलेल्या १०७व्या लघुग्रहालाही या राजकन्येचेच नाव आहे. हा लघुग्रह ज्या समूहात मोडतो त्याला सिबिली देवीचे नाव आहे, आणि ज्याच्या पाठलागात कॅमिला मेली तो क्लोरियस सिबिलीचाच पुजारी होता. हा मात्र शुद्ध योगायोग.