कारण खरे, आजारही खरा

यवतमाळ जिल्ह्यात चिंतेला कारणांची वाण कधीच नव्हती. मृगाच्या पहिल्या पावसावर विसंबून सरकी टोबावी आणि पुढे पंधरवडाभर आभाळ कोरडे राहून दुबार पेरणीची पाळी यावी, 2017 सालाप्रमाणे भरात आलेली कपाशी गुलाबी बोंडअळीने पोखरावी, आणि इतके होऊनही सोसायटीचे कर्ज, सावकाराचे देणे व मुलीचे लग्न यांची मुदत मात्र एका दिवसानेही पुढे सरकू नये, अशा मुलखात माणूस निश्चिंत राहिला तरच नवल. परंतु ही कारणे इतकी उघड आहेत म्हणूनच त्यांच्या आड चिंताविकार हा आजार दडून राहतो, आणि त्याच्याविषयीच्या काही समजुती तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

गैरसमज: संकट खरे आहे, तेव्हा काळजी वाटणारच, त्यात आजार कसला?

वस्तुस्थिती: काळजी ही मनाची स्वाभाविक वृत्ती असून संकटाची आगाऊ वर्दी देणे हे तिचे काम आहे; संकट टळले की ती ओसरते. चिंताविकारात ती ओसरत नाही, केवळ विषय बदलते. कर्जमाफीच्या यादीत नाव आले तरी तीच घालमेल मुलाच्या एसटीच्या प्रवासाविषयी, मग घरातल्या कोणाच्या खोकल्याविषयी, मग उद्याच्या बाजाराविषयी चालू राहते. किमान 6 महिने, बहुतेक दिवशी, अनेक बाबींविषयी वाटणारी आणि आवरू म्हटल्याने न आवरणारी चिंता. तिच्या जोडीला अस्वस्थता, लवकर येणारा थकवा, चित्त एकाग्र न होणे, चिडचिड, स्नायूंचा ताठरपणा आणि बिघडलेली झोप या 6 लक्षणांपैकी किमान 3. आणि या सर्वांमुळे कामकाजाची व संसाराची होणारी ओढाताण, अशी या विकाराची वैद्यकीय कसोटी आहे. कारण खरे असल्याने आजार खोटा ठरत नाही, तसेच आजार असल्याने कारणही खोटे ठरत नाही. तलाठ्याने वेळेवर पंचनामा करणे आणि शासनाने भरपाई देणे हा शेतकऱ्याचा हक्कच आहे. तो मागणाऱ्याची बोळवण समुपदेशनावर करणे अन्यायाचे होईल. पण भरपाईची रक्कम खात्यावर जमा होताच महिनोन्‌महिने उडालेली झोप आपसूक परत येईल, असे गृहीत धरणेही त्याच माणसावर अन्याय करणारे आहे.

गैरसमज: छातीत धडधडते, म्हणजे दुखणे हृदयाचे किंवा बीपीचेच असणार.

वस्तुस्थिती: प्राथमिक आरोग्य केंद्रात येणारा रुग्ण ‘मला चिंता वाटते’ असे सहसा सांगत नाही, ‘जीव घाबरते’, ‘मान आखडून राहते’, ‘रातभर डोळ्याला डोळा लागत नाही’ असे तो सांगतो. हृदयाचा आलेख निर्दोष निघतो, ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे ऐकून तो घरी परततो, आणि चार दिवसांनी दुसऱ्या दवाखान्यात सलाईन लावून घेतो. वस्तुतः मन सतत धोक्याच्या पवित्र्यात राहिले म्हणजे शरीरही तसेच राहते; नाडी जलद चालते, श्वास उथळ होतो, स्नायू आवळले जातात. ही लक्षणे काल्पनिक नसतात. थायरॉइडचा दोष किंवा रक्तक्षय यांतही अशीच लक्षणे दिसत असल्याने तपासण्या आधी करून घ्याव्याच; मात्र त्या निर्दोष निघाल्यावर चौकशी थांबवू नये. त्यासाठी 2006 साली प्रसिद्ध झालेली 7 प्रश्नांची एक चाचणी आज जगभर वापरात आहे. मागील दोन आठवड्यांतील त्रासाला प्रत्येक प्रश्नामागे 0 ते 3 गुण दिले जातात, आणि 21 पैकी 10 किंवा अधिक गुण झाल्यास डॉक्टरांकडून सविस्तर तपासणी करून घेणे इष्ट असते.

गैरसमज: हा दुबळ्या मनाचा रोग आहे.

वस्तुस्थिती: आनुवंशिकता, बालपणीचे आघात आणि दीर्घकाळचा ताण यांच्या संयोगातून हा विकार उद्भवतो, धैर्याशी त्याचा संबंध नाही. पुरुषांच्या मानाने स्त्रियांत तो सुमारे दुप्पट आढळतो. सातबाऱ्यावर नाव नसले तरी निंदण, वेचणी, घरखर्च आणि नवऱ्याच्या मनाची अवस्था या सर्वांचा भार वाहणाऱ्या बाईची चौकशी आपल्याकडे सर्वांत शेवटी होते, हे या संदर्भात ध्यानी घ्यावे.

गैरसमज: गोळ्या एकदा सुरू झाल्या की जन्माच्या पाठीस लागतात.

वस्तुस्थिती: येथे दोन निराळ्या औषधांची गल्लत होते. अल्प्राझोलमसारख्या गोळ्या तत्काळ शांत करतात, पण सलग घेतल्यास त्यांची सवय जडते. म्हणून ओळखीच्या दुकानातून त्या परस्पर आणणे धोक्याचे आहे. एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिन यांसारखी मुख्य औषधे तशी सवय लावत नाहीत. त्यांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात, आणि बरे वाटू लागल्यावरही काही महिने ती चालू ठेवून डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी लागतात. दारूने रात्रीपुरता विसर पडतो, परंतु झोप अधिक बिघडते आणि दुसऱ्या दिवशीची घालमेल वाढते. खर्ऱ्यातील तंबाखूही मनाला खरी स्वस्थता देत नाही.

गैरसमज: उपचार म्हणजे केवळ औषध, आणि तेही नागपुरातच मिळते.

वस्तुस्थिती: विचार व वर्तन यांना वळण लावणारी संवादपद्धती या विकारावर औषधाइतकीच उपयुक्त ठरली आहे. तिच्यातील एक साधा पाठ असा: दिवसातील ठरावीक वीस मिनिटे काळजीसाठी राखून ठेवावीत, अवेळी आलेला विचार त्या वेळेवर ढकलावा, आणि बसल्यावर वहीत दोन रकाने आखावेत. बँकेत जाऊन कर्जाचे पुनर्गठन विचारणे हे पहिल्या, म्हणजे हातातल्या गोष्टींच्या रकान्यात. पाऊस आणि कापसाचा भाव दुसऱ्यात. पहिल्या रकान्यातील एक काम उद्याच्या तारखेला नेमून द्यावे आणि वही मिटावी. उपचारासाठी नागपूर गाठावेच लागते असेही नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात 30 गावांत राबविलेल्या ‘विश्राम’ प्रकल्पात गावपातळीवरील कार्यकर्त्यांच्या साहाय्याने, नैराश्याने ग्रस्त असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. तो अनुभव नैराश्याचा असला, तरी गावातल्या गावात मनाची विचारपूस होऊ शकते हे त्याने सिद्ध केले. राज्य शासनाने विदर्भ-मराठवाड्यातील 14 जिल्ह्यांसाठी आखलेल्या ‘प्रेरणा’ या मानसिक आरोग्य प्रकल्पात यवतमाळचा समावेश झाला. येथील वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकारांवर उपचार होतात. आणि 2022 पासून ‘टेलि-मानस’ या शासकीय मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर अहोरात्र, विनाशुल्क आणि मराठीतून बोलता येते.

गैरसमज: जिवाचे बरेवाईट करण्याविषयी विचारले, तर नसते खूळ डोक्यात शिरेल.

वस्तुस्थिती: स्पष्ट पण मायेने विचारल्याने तो विचार बळावत नाही, हे संशोधनाने दाखविले आहे, उलट कोंडलेल्या माणसाला बोलण्याची वाट मिळते. घरातील कोणी निरवानिरवीची भाषा करू लागला तर त्याला सरळ विचारावे, त्याला एकटे सोडू नये, फवारणीचे औषध घरातून हलवून कुलपात ठेवावे, आणि त्याच दिवशी त्याच्यासोबत रुग्णालयात जावे. कर्जाचा हिशेब त्यानंतरही करता येतो.