नगरसेवक, त्याचा धंदा आणि महापालिकेचं कंत्राट

प्रभागातल्या गटाराचं काम नगरसेवकाच्याच भागीदाराला मिळालं, तर? मुंबईबाहेरच्या महापालिकांना लागू असलेल्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 ने याचं उत्तर देऊन ठेवलं आहे. पालिकेच्या कंत्राटात स्वतःचा किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हिस्सा असलेली व्यक्ती कलम 10 नुसार नगरसेवकपदाला अपात्र ठरते. निवडून आल्यावर असा हिस्सा घेतला, तर कलम 11 नुसार पद जातं. मुंबईसाठी 1888 चा वेगळा कायदा आहे.

काही हितसंबंध मात्र कायदा चालवून घेतो. पालिकेला माल पुरवणाऱ्या कंपनीचे शेअर्स असणं किंवा पालिकेच्या जाहिराती छापणाऱ्या वर्तमानपत्रात हिस्सा असणं, एवढ्यानं अपात्रता येत नाही. पण त्या विषयावर मत दिलं, चर्चेत भाग घेतला, नुसता प्रश्न जरी विचारला, तरी पद जाऊ शकतं. वकील म्हणून अशिलाचं काम पाहणाऱ्या नगरसेवकालाही हेच बंधन आहे. मला ही तरतूद सगळ्यांत मोलाची वाटते, कारण सभागृहातल्या एका सूचक प्रश्नानंही निविदेचं पारडं फिरतं.

पण असे हितसंबंध कळणार कुठून? मालमत्ता जाहीर करावी लागते ती उमेदवारी अर्जासोबतच्या शपथपत्रात. लोकसभा-विधानसभेच्या उमेदवारांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये तसा निकाल दिला; पुढे स्थानिक निवडणुकांतही ही पद्धत आली. मात्र हे शपथपत्र अर्ज भरतानाची स्थिती सांगतं. पत्नीच्या किंवा मेहुण्याच्या नावावरची फर्म तेवढ्यावरून उघड होईलच असं नाही. ते शोधायला निविदेची कागदपत्रं माहिती अधिकारात मागवता येतात.